खाकी कव्हरातले खून

आमच्या पिढीने रहस्यकथा हातात घेतली की आधी शेवटचं पान आहे की नाही ते पाहिलं. वाचायला नव्हे हं, फक्त जागेवर आहे का ते बघायला. मग मधली पानं अंगठ्याखालून फरफर सोडायची, कुठे खिंडार पडलंय का त्याचा अंदाज घ्यायचा आणि मगच वाचनालयाच्या वहीत सही ठोकायची. पहिलं पान कोणी बघितलं असेल तर शपथ! पहिल्या पानावर असायचं काय? प्रकाशक, मुद्रक, किंमत, हक्क, आवृत्ती. ज्यात कोणी मरत नाही, कोणी पळत नाही, कोणाच्या खिशातून पिस्तूल निघत नाही, असला मजकूर वाचायला सवड कोणाला होती?

आणि आता भाचा येतो, माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावतो, एकेक पुस्तक दोन बोटांत धरून विचारतो, "मावशी, ही पहिली आवृत्ती आहे का गं?"

बाबा रे, पुस्तक आहे हेच खूप आहे.

पण प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. तेव्हापासून आम्ही सगळी भावंडं, म्हणजे गिरगावातल्या त्या एका चाळीतून उठून डोंबिवली, बोरिवली, कोथरूड आणि एक तर थेट न्यू जर्सीला जाऊन पडलेली, फोनवरून या एकाच गोष्टीचा खल करतोय. अर्नाळकरांच्या पुस्तकांवर सगळं बालपण काढलं, तेव्हा धनंजयसारखा तपास आता आम्हालाच करायला हवा, असं थोरल्या दादाचं म्हणणं. छोटू कोण व्हायचं यावर अजून एकमत नाही.

ज्यांना आठवत असेल त्यांना सांगायला नको, पण धाकट्यांसाठी सांगते. बाबूराव अर्नाळकर म्हणजे मूळचे चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, गेले १९९६ साली आणि मधल्या आयुष्यात त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजारावर! आमच्या अप्पांना वर्षभरात सासुरवाडीला एक पत्र लिहिणं होत नसे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही माणसं आमच्या चाळीत बिऱ्हाड करून होती. अप्पा आणि दुसऱ्या मजल्यावरचे नाना झुंजारवाले. आत्या आणि तिच्या मैत्रिणी काळापहाडवाल्या, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई म्हणायची की मला त्यातलं काही कळत नाही, पण तांदूळ निवडताना कोणीतरी मोठ्याने वाचावं असा तिचा हट्ट असायचा आणि वाचणारा पाणी प्यायला उठला तर तिचा हात सुपातच थांबायचा.

मग आमचा काळ आला. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, शिलेदार आला, सूरज आला, गोलंदाज आला. नाईकांच्या कादंबऱ्यांचा आकडाही बाराशेच्या घरात सांगतात. धाकट्या भावंडांच्या वेळेपर्यंत सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि अमर विश्वास येऊन दाखल झाले होते. तीन पिढ्या, तीन पक्ष, आणि दिवाळीच्या फराळाला भांडणं. नुसत्या दोन लेखकांची पुस्तकं मिळून दोन हजारांच्या वर जातात तिथे एका पुस्तकाची आवृत्ती कितवी, हे विचारायला कोण थांबणार? जुनं परत छापलं की नाही याचा पत्ता लागेपर्यंत नवं स्टॉलवर लटकलेलं असायचं.

विकत घेणं ही गोष्ट आमच्यात क्वचितच. एस.टी.च्या स्टँडवर गाडीला उशीर झाला, किंवा आजोळी जाताना मामाला अचानक उदार झटका आला, तरच. बाकी सगळा कारभार नाक्यावरच्या वाचनालयाचा. जिन्याखालची जागा, समोर फळकुटाचं टेबल, मागे छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर एकजात खाकी पुस्तकं. अनामत रक्कम भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, उशीर झाला की दंड. पुस्तकाचं मूळ कव्हर आम्ही पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. नवीन पुस्तक आलं की मालक पहिलं काम करायचे ते त्याला खाकी कागद चढवण्याचं. पाठीवर निळ्या शाईने नंबर. नाव लिहिलं तर लिहिलं. आम्ही मागतानाही नंबरानेच मागायचो. "चारशे बारा आलं का हो?" "नाही, ते नानांकडे आहे." की आम्ही नानांच्या दाराशी.

दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसलं की मालक पुस्तकांची डागडुजी करत बसायचे आणि आम्ही बघत बसायचो. एका जर्मनच्या वाडग्यात मैद्याची खळ, तिच्यात मोरचुदाचा खडा विरघळवलेला, म्हणजे झुरळं आणि कसर पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत. खळीला एक आंबूस वास यायचा. पुस्तकाच्या पाठीची आधी जुनी गंजलेली तार काढायची. मग पानं टेबलावर ठोकून चारही कडा सारख्या करायच्या, वर एक वीट ठेवायची. दाभणाने कडेपासून बोटभर आत तीन भोकं पाडायची. मेण लावलेला दोरा मधल्या भोकातून घालायचा, वरच्यातून काढायचा, खालच्यातून घालायचा, परत मधल्यातून काढून गाठ मारायची. गाठ मारताना मालक जीभ दातांत धरायचे. मग खळ, मग मांजरपाटाची पट्टी, मग पुठ्ठा, मग खाकी कागद. असं एकदा शिवलेलं पुस्तक पुढे दहा वर्षं सुटत नसे. फक्त पूर्ण उघडतही नसे. ओळीचे पहिले दोन शब्द शिवणीत गेलेले असायचे, ते ज्याने त्याने आपल्या कुवतीनुसार भरून काढायचे.

पुस्तकं इतकी खिळखिळी व्हायची कशाने? आमच्यासारख्यांमुळे. घरात वाचणारे पाच, पुस्तक एक, आणि परत करायचं उद्या संध्याकाळी. त्यावर चाळीने काढलेला उपाय असा, की पुस्तक फर्म्या-फर्म्याने सोडवायचं. सोळा पानांचा एक फर्मा. पहिला फर्मा अप्पांचा मान, तो वाचून झाला की आत्याकडे, अप्पांच्या हातात दुसरा, मग दादा, मग आम्ही. गॅलरीत ओळीने बसलेली माणसं, प्रत्येकाच्या हातात सोळा पानं, आणि मधूनच आरोळी, "अहो, चौथा सोडा की, इथे माणूस तळघरात अडकलाय!" शेवटचा फर्मा हातात असलेला माणूस तेवढा वेळ घरातला राजा. त्याला चहा मिळायचा. रात्री सगळे फर्मे गोळा करून परत लावायचे, आणि ते नेहमी बरोबरच लागत असं नाही. एका पुस्तकात प्रेत सापडल्यावर पुढल्या फर्म्यात तेच गृहस्थ हॉटेलात ऑम्लेट खाताना आढळले होते. वाचनालयाच्या पुढच्या तीन वाचकांनी ती लेखकाची कमाल मानली, असं नंतर कळलं.

आणि समासातल्या पेन्सिली! बाराव्या पानावर कोणीतरी लिहून ठेवायचं, 'खुनी मुनीमजी.' पण आमच्या नानांची खोड त्याहून पुढची. ते मुद्दाम चुकीचं नाव लिहायचे. बिचाऱ्या निरपराध भाचीवर डोळा ठेवून आम्ही दीडशे पानं वाचायची आणि खुनी निघायचा डॉक्टर. नानांचं अक्षर ओळखायला यायला लागल्यावर मग ते डाव्या हाताने लिहायला लागले.

तर मुद्दा पहिल्या आवृत्तीचा. या पुस्तकांची बांधणी अशी, की फर्मे एकावर एक ठेवून बाजूने दोन तारा मारायच्या आणि पाठीला खळ लावून कव्हर डकवायचं. कव्हर निघालं की पहिलं पान त्याच्याबरोबर निघणारच. आणि आवृत्ती, साल, मुद्रक, किंमत हे सगळं त्याच पानाच्या पुढे-मागे. म्हणजे साक्षीदार सगळ्यात आधी मारला गेलेला. ट्रंकेतल्या पुस्तकांपैकी निम्म्यांची सुरुवातच 'प्रकरण पहिले' इथून होते. आता अशा पुस्तकाचा जन्म कधीचा ते ओळखायचं कसं?

ज्यांचं पहिलं पान शाबूत आहे त्यांचंही सगळं सरळ नाही. मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-गाव छापणं १८६७ च्या कायद्यानेच सक्तीचं होतं, त्यामुळे ते बहुतेक असतं. 'प्रथमावृत्ती' असंही पुष्कळदा असतं, आणि पुढे साल. कधी नुसतंच 'दसरा, शके १८७९'. मग शकात ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९, की निघालं इसवी सन. आईला हे तोंडपाठ होतं, आम्हाला बोटं मोजावी लागतात. पण काही पुस्तकांवर आवृत्तीचा शब्दच नाही. तिथे मौन म्हणजे पहिली, असं धरून चालणारा फसतो. दुसऱ्यांदा छापताना घाईत मौन तसंच पुढे नेलेलं असू शकतं.

आमच्या एका आतेभावाला इंग्रजीची चटक होती. फोर्टातल्या फुटपाथवरून तो पेंग्विनची हिरव्या कव्हरांची डिटेक्टिव पुस्तकं आणायचा. त्यांच्या पहिल्या पानामागे मूळ पुस्तक कधी निघालं, पेंग्विनमध्ये कधी आलं, मग कोणकोणत्या साली पुन्हा छापलं, हे सगळं ओळीने मांडलेलं, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपडीतल्या वंशावळीसारखं. आमच्या झुंजारला असली वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही. अर्थात गंमत अशी, की सरकारदरबारी ती होती. त्याच १८६७ च्या कायद्यात पुस्तकाची नोंद करताना आवृत्ती कितवी, प्रती किती छापल्या, पानं किती, किंमत किती, छापखान्यातून बाहेर कधी पडलं, हे सगळं लिहायची रकाने-तक्त्याने सोय होती, आणि दर तिमाहीला ती यादी गॅझेटात यायची. गोऱ्या साहेबाला कोणाच्या लेखणीतून राजद्रोह बाहेर पडतोय ते हवं होतं. त्या जाळ्यात खुनी, दरोडेखोर, बुरखेवाले सगळेच नोंदले गेले. १९५० पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. एकट्या माणसाने उभं केलेलं ते काम बघितलं की आपण आयुष्यात काय केलं असा प्रश्न पडतो, म्हणून आम्ही ती फार वेळ बघत नाही.

पान नसेल तर किंमत शोधायची. ती कधी कव्हराच्या मागच्या बाजूला असते, कधी शेवटच्या जाहिरातीत. बारा आणे, सव्वा रुपया असं आण्यांतच असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचं. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली आणि चाळीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, सरकारने एप्रिल फूल केलं. मग पुस्तकांवर 'न. पै.' दिसू लागले, नये पैसे. १९६४ च्या जूनपासून पैशाचा नवेपणा सरकारनेच काढून टाकला. तेव्हा 'न. पै.' छापलेलं पुस्तक म्हणजे साधारण या सात वर्षांतलं अपत्य. आमच्याकडच्या एकावर आणे आणि न. पै. दोन्ही आहेत. तो प्रकाशक सावध असणार. किमतीवर कागदाची पट्टी चिकटवलेली दिसली तर मात्र उचकटायची. खाली जुनी किंमत सापडते. शिल्लक राहिलेल्या जुन्या प्रती नव्या भावात खपवायची ती युक्ती. भाचा त्यासाठी ओला कापूस घेऊन बसतो. आम्ही वाफेवर धरायचो, तिकिटं काढायची सवय होती.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडलेला पुरावा म्हणजे टिंब. मधलं कुठलंही पान उघडा. 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत', 'त्यानें', 'दारें' असं डोक्यावर टिंबंच टिंबं दिसली तर पुस्तक जुन्या वळणाचं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार एका फटक्यात उतरले. आमची पिढी बरोबर त्या सांध्यात सापडली. आधी टिंब दिलं नाही म्हणून गुण कापले, पुढे टिंब दिलं म्हणून कापले. बाईंना विचारलं तर बाई म्हणाल्या, माझंही तेच होतंय. तेव्हा झुंजार 'अंधारांत' दबा धरून बसला असेल तर तो मूळचा, आणि 'अंधारात' बसला असेल तर पुन्हा बसवलेला, अशी आमची ढोबळ खूण.

ढोबळ म्हणते, कारण जुने लेखक आणि जुने कंपोझिटर नियम निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी बदलत नसतात. तरी या खुणेला अर्थ आहे, तो छापखान्याच्या कामामुळे. तेव्हा अक्षरं जुळवायची ती शिशाच्या खिळ्यांची. लहान छापखान्यात खिळे मोजके. एक फर्मा छापून झाला की जुळणी सोडायची, खिळे परत केसमध्ये आपापल्या खणांत टाकायचे, तेव्हा कुठे पुढचा फर्मा जुळवता येणार. अख्खं पुस्तक जुळवलेलं ठेवून द्यायची चैन कोणाला परवडणार? म्हणून दुसरी आवृत्ती म्हणजे पहिल्यापासून नवी जुळणी. टिंबं बदलायची, पानांची संख्या बदलायची, आणि मुख्य म्हणजे चुका बदलायच्या. आमच्या एका पुस्तकात सातवं प्रकरण दोनदा आहे, आठवं नाहीच. डोंबिवलीच्या भावाकडे तेच पुस्तक, तेच लेखक, पण सात-आठ-नऊ शहाण्यासारखे ओळीने. कोणती आधीची, हे सांगायला धनंजय कशाला हवा? शहाणी ती नंतरची.

त्या खिळ्यांची आणखी एक खूण हाताला लागते. पान उलटं करून बोट फिरवा. अक्षरांचा दाब मागच्या बाजूला उठलेला असतो, बारीक पुरळ उठल्यागत. ऑफसेटवर छापलेलं नंतरचं पान गुळगुळीत. आत्याला आता दिसत कमी आहे, पण पुस्तक हातात दिलं की ती पानाच्या पाठीवरून बोट फिरवून सांगते, "हे जुनं." आजवर एकदाही हुकलेली नाही.

मग पत्ते. प्रकाशकाच्या पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' किंवा 'पुणे ३०' असेल तर काय आणि पिनकोड असेल तर काय, यावर आमच्यात मोठा वाद झाला. पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ ला. तेव्हा सहा आकडे दिसले तर पुस्तक त्यानंतरचं, हे पक्कं. पण सहा आकडे नाहीत म्हणून ते आधीचं, असं नाही हं. पुण्याचे लोक नव्वद साल उजाडलं तरी 'पुणे ३०'च लिहीत होते. पोस्टमनला कळतं ना, मग झालं.

ट्रामचाही तसाच घोळ. न्यू जर्सीच्या भावाने मोठ्या उत्साहाने फोन केला, की माझ्या पुस्तकात खलनायक दादरला ट्रामने पळतो, आणि मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, तेव्हा ही पहिली आवृत्ती. दादाने त्याला तिथल्या तिथे धरला. अरे, गोष्ट त्याच्या आधी लिहिली एवढंच सिद्ध होतं. तुझ्या हातातली प्रत पंचाहत्तरची असली तरी तो ट्राममध्येच बसणार, त्याला लोकलचा पास कोण काढून देणार? भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, पण एक सांग, ट्राम ताशी किती वेगाने जायची की तिच्यातून पळून जाता येतं? यावर पुढचा अर्धा तास.

कव्हर वाचलं असेल तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही. अर्नाळकरांची किती तरी कव्हरं रघुवीर मुळगावकरांची. देवघरातली लक्ष्मी त्यांचीच, कॅलेंडरवरचा कृष्णही त्यांचाच, आणि पिस्तूल रोखलेला झुंजारही त्यांचाच. आजीला हे कळलं तेव्हा तिने दोन दिवस लक्ष्मीकडे संशयाने पाहिलं. ते स्प्रेने रंग द्यायचे, त्यामुळे गालाची गोलाई अशी उतरायची, की खून करून आलेली बाईसुद्धा न्हाऊन आल्यासारखी टवटवीत दिसायची. छपाई रंगांच्या वेगवेगळ्या ब्लॉकची, पिवळा, तांबडा, निळा एकावर एक. ब्लॉक नवा असला की चित्र नेमकं बसायचं. तोच ब्लॉक झिजल्यावर पुन्हा वापरला की रंग हलायचे, ओठांची लाली हनुवटीवर यायची. मुळगावकर १९७६ ला गेले, पण त्यांची चित्रं त्यानंतरही फिरत राहिली. म्हणून सहीवर न जाता ओठांवर जावं. नाक्यावरच्या मालकांनी खाकी कागद आधीच चढवला नसता, तर आम्हाला याचा अभ्यास लहानपणीच झाला असता. घरी मात्र बरं झालं. खाकी कव्हरातलं पुस्तक गणिताचं आहे की गळा दाबण्याचं, हे लांबून कळत नसे.

संग्राहक मंडळी वाचनालयाच्या शिक्क्याला नाकं मुरडतात. भाचाही मुरडतो. जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर, आणि वाचनालयाने ठरवून ठेवलेल्या मधल्या एका पानावर, म्हणजे कोणी पहिलं-शेवटचं फाडून पुस्तक लाटलं तरी चोर पकडता यावा. आम्ही म्हणतो, अरे मुलखाच्या हुशारा, त्या शिक्क्यात बघ. दाखल क्रमांक आहे, आणि पुढे तारीख आहे. त्या तारखेनंतर ही प्रत छापलेली असू शकत नाही. पिनकोड खालची हद्द सांगतो, शिक्का वरची. एवढा सज्जन पुरावा दुसरा कोणता? कोरीकरकरीत, बिनशिक्क्याची, कोपरा न दुमडलेली प्रत त्याला भारी वाटते. मला ती पाहिली की वाटतं, हिला कोणी वाचलं का नाही? काय वाईट होतं हिच्यात?

आणि उरलेली हजारो कुठे गेली? रद्दीत गेली. चाळ पाडायची ठरली तेव्हा तराजू घेऊन माणूस आला आणि किलोवर घेऊन गेला. काही त्याच्याही आधी फडताळात अंथरली गेली, काही पावसाळ्यात गळक्या कोपऱ्यात फुगून गेली, काही वाळवीने मनापासून वाचली. चणेवाल्याकडून पुडी घ्यावी आणि पुडीवर 'इन्स्पेक्टरसाहेबांनी दार ढकलले, आणि' एवढंच असावं, असं आमच्यापैकी प्रत्येकाला झालेलं आहे. दादाने एकदा पुढचं पान मिळावं म्हणून लागोपाठ चणे खाल्ले. पोट बिघडलं, दार ढकलून साहेबांनी काय पाहिलं ते समजलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कोथरूडची बहीण अजून चक्कर मारते. हल्ली विकणारेच आधी पहिलं पान उघडून बघतात म्हणते. शिकले.

राहता राहिली शेवटची पानं. गोष्ट संपली की मागे याद्या असायच्या. 'याच लेखकाची इतर पुस्तके', आणि खाली ठळक, 'आगामी'. आवृत्ती ओळखायला ही यादी फार कामाची. जे पुस्तक एका प्रतीत 'आगामी' आहे आणि दुसरीत 'प्रकाशित झाले', त्यातली पहिली प्रत अर्थातच आधीची. आमच्या याद्यांवर आणखी पेन्सिलीच्या खुणा आहेत. वाचलेल्यावर बरोबरची खूण अप्पांची, फुली आत्याची, गोल दादाचा. या खुणांमुळे प्रतीची किंमत उतरते म्हणे. उतरू दे. कोणी काय वाचलं होतं याची घरातली दुसरी नोंद नाही.

त्यातल्या एका यादीत एक 'आगामी' आहे. नाव सांगत नाही, उगाच कोणी शोधायला लागेल. ते पुस्तक आम्हा कोणालाही आजवर सापडलेलं नाही. दादाने ग्रंथसंग्रहालयात विचारलं, भाच्याने सगळीकडे धुंडाळलं, बहिणीने जुना बाजार पालथा घातला. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाच्या मागे ते 'प्रकाशित' म्हणून येत नाही. भाच्याचं मत, ते निघालंच नाही, नुसती घोषणा झाली. पण यादीत त्या नावापुढे पेन्सिलीची फुली आहे, आणि फुली आत्याची.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, हो तर, वाचलंय की. दोन रात्रींत. त्यात एक बंगला असतो, माथेरानला, आणि खून नवऱ्याने केला असं सगळ्यांना वाटतं, पण केलेला असतो सावत्र बहिणीने, विड्यातून. भाचा वही-पेन घेऊनच बसला. कुठून आणलं होतं? नाक्यावरून. साल कुठलं? माझ्या लग्नाच्या आधी. बरं, कव्हर आठवतं का? कसं होतं कव्हर?

"खाकी," आत्या म्हणाली.